जावेच्या प्रबंधातलं पाचवं प्रकरण

माझी धाकटी जाऊ आमच्या घरात आली तेव्हा डोंबिवलीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अकरा वर्षं काढलेली होती. सकाळी सात ते दुपारी एक अशी वेळ. आलेल्या माणसाचं रक्त घ्यायचं, स्लाइड करायची, रंगवायची, मायक्रोस्कोपला डोळा लावून पांढऱ्या पेशी मोजायच्या. लघवीचे नमुने न रंगवता तसेच बघायचे. विठ्ठलवाडीकडून तापाचे पेशंट खूप यायचे. एखाद्या स्लाइडवर हिवतापाचा जंतू दिसला की मी डॉक्टरांना हाक मारायची. ते यायचे, वाकून बघायचे, "बरोबर" म्हणायचे आणि रिपोर्टवर सही करून जायचे. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

मी ठाण्याची. बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी घेऊन पहिला वर्ग मिळवला होता. एम.एस्सी.चा फॉर्म आणून, भरून, फोटो चिकटवून तयार होता. त्याच आठवड्यात हे स्थळ आलं. मुलगा वागळे इस्टेटमध्ये कायम नोकरीत, घर स्वतःचं, माणसं चांगली. होकार मीच दिला. मला कुणी भरीला घातलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. नंतर नोकरीपुरता लॅबचा डिप्लोमा केला आणि कामाला लागले.

जाऊसुद्धा ठाण्याचीच, पण खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिची आई बाजारात मासे विकायला बसायची. घरातली एवढी शिकलेली ही पहिलीच. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून तिनं मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला नाव घातलं होतं. माझ्या दिराची आणि तिची ओळख कॉम्प्युटरच्या एका कोर्सला झाली, आणि वर्षभरानं त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. सासूबाई महिनाभर फुगून बसल्या होत्या. मग एका रविवारी जावेची आई टोपली घेऊन दारात उभी राहिली. टोपलीत ओल्या फडक्याखाली कोळंबी.

"घ्या विहीनबाई, सकालचीच हाय," ती म्हणाली. "अजून जिती हाय बघा."

आमच्याकडे मासे म्हणजे जीव की प्राण. सासूबाईंनी फडकं उचललं, आत बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, बाहेर काय उभ्या, आत या ना." संपला रुसवा. माझी आई बारा-तेरा वर्षं दर दिवाळीला बेसनाचे लाडू पाठवत होती. ते डब्यातून ताटात येत, ताटातून पोटात जात, त्यावर कुणी कधी चार शब्द बोललं नव्हतं.

त्यानंतर सासूबाई तिच्याविषयी येईल त्याला सांगू लागल्या. दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, सोसायटीतल्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना. "ही आमची धाकटी. पीएच.डी. करतेय." मग मी दिसले की, "आणि ही मोठी, लॅबमध्ये जाते." दिरांनी सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला तेव्हा सासऱ्यांनी स्वतःचं लिहायचं टेबल खिडकीपाशी ओढून तिला दिलं. त्या टेबलावर मला कधी भाजीसुद्धा निवडू दिली नव्हती. मी मनाशी म्हणायची, मला राग येतो तो फक्त ती सकाळी भांडी न विसळता निघते त्याचा. तेवढाच. भांडी मी तिच्या नावानं जरा आपटून विसळायची.

तिचं संशोधन काय होतं ते मला पुष्कळ दिवस कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. एका रविवारी मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले तेव्हा ती पडद्याकडे बघत कपाळ चोळत बसली होती. पडद्यावर करड्या रंगाचा एक चौकोन, त्यात एक गोल पेशी, कडेनं पांढरी. तिनं एक बटण दाबलं. पडद्यावर "विभागणारी" अशी नोंद उमटली.

"ही मेलीय," मी म्हटलं.

ती वळली. "कशावरून?"

"बघ ना, कडेला फोड आलेत. दोन व्हायला निघालेली पेशी अशी नसते. ती ताणून बसवल्यासारखी गोल असते, आणि मधे एक आडवी रेघ दिसते. ही नुसती उतू चाललीय."

तिनं काहीतरी टाइप केलं. त्याच पेशीची दहा-दहा मिनिटांनंतरची छायाचित्रं एकामागून एक पडद्यावर आली. चौथ्या छायाचित्रात पेशीचा चुरा झालेला होता. जावेनं पुढची एक पेशी दाखवली, मग आणखी एक, मग आणखी. मी सांगायची, ती पुढची छायाचित्रं काढून ताडून बघायची. चहावर साय धरली.

"वहिनी, तुम्ही माझ्यासाठी हे कराल?" तिनं शेवटी विचारलं. "मला पेशींतलं ओ का ठो कळत नाही. जी मैत्रीण हे ओळखून द्यायची ती परदेशी गेली. मी महिनाभर पुस्तकातली चित्रं बघून दाबतेय बटणं."

तिनं मला सगळं समजावून सांगितलं, आणि सांगताना ती खरंच सुरेख सांगायची. संस्थेत एक मायक्रोस्कोप उबदार पेटीत बसवलेला होता. पेटीत जिवंत पेशी ठेवलेल्या, त्यांना एक औषध दिलेलं. दर दहा मिनिटांनी मायक्रोस्कोप आपणहून फोटो काढायचा, तीन-तीन दिवस, माणूस जवळ नसताना. औषधानं पेशी मरतात का, किती मरतात, किती विभागत राहतात, हे शोधायचं होतं. फोटो इतके जमायचे की कुणी माणूस बसून ते बघू शकला नसता. म्हणून ती असा प्रोग्रॅम करत होती, जो पेशी बघून स्वतःच ओळखेल. पण त्याला आधी शिकवायला हवं. हजारो पेशी दाखवायच्या आणि प्रत्येक वेळी सांगायचं, ही शांत, ही विभागणारी, ही मेलेली. त्यातून तो संख्याशास्त्राच्या रीतीनं आपले नियम बसवतो.

"म्हणजे शेवटी त्याला तुमच्यासारखं दिसायला लागेल," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. रोज दुपारी जेवण आवरून तीन ते पाच मी त्या टेबलाशी बसू लागले. एका फ्लॉपीत तीनशे पेशी मावायच्या. एक दाबलं की शांत, दोन दाबलं की विभागणारी, तीन दाबलं की मेलेली. शंका आली तर त्याच पेशीची पुढची छायाचित्रंही बघता यायची. संध्याकाळी ती घरी आली की आधी विचारायची, "वहिनी, झाली का?" आणि मी फ्लॉपी तिच्या हातात ठेवायची. ते दिवस मला फार आवडले, हे लपवण्यात अर्थ नाही. लॅबमध्ये माझ्यासमोर यायचं ते बहुतेक रंगवून वाळवलेलं, संपलेलं. इथे पेशी सरकत होत्या, दबा धरत होत्या, एकीच्या दोन होत होत्या. एकदा एक पेशी दोन व्हायला निघाली, अडली, आणि परत एक झाली. मी सासूबाईंना हाक मारून दाखवली. त्यांनी बघितली आणि म्हणाल्या, "हे सगळं आपल्या हिनं केलं?"

"हिनं" म्हणजे धाकटीनं.

बारा फ्लॉप्या झाल्या तेव्हा ती मला संस्था दाखवायला घेऊन गेली. मी ठेवणीतली साडी नेसले. ती पेटी, आतून येणारी ऊब, आपोआप पुढे सरकणारी आणि बारीक कुरकुर करणारी तबकडी, सगळं बघितलं. एवढ्यात तिचे गाईड आले. पांढरे केस, पायात चपला, मृदू बोलणारे.

"सर, या माझ्या वहिनी," ती म्हणाली. "घरी खूप मदत करतात."

"वा," ते माझ्याकडे बघून हसले. "घरच्यांचा पाठिंबा असला की निम्मं काम होतं. मुलीला वेळेवर जेवायला घालताय ना?"

मी हसले. जाऊ पण हसली. ती काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले. तिनं सरांना एका आकृतीविषयी काही विचारलं आणि दोघं कागदावर वाकले. तिथल्या टेबलावर तिच्या लेखाचा कच्चा खर्डा पडला होता. मला इंग्रजी वाचता येतं. पेशींची ओळख एका अनुभवी निरीक्षकाकडून करून घेतली, असं त्यात लिहिलं होतं. एवढंच. निरीक्षक बाई की बाप्या तेही नव्हतं.

परत येताना ती खुशीत बोलत होती. मी खिडकीबाहेर बघत हिशेब जुळवत होते. माझ्या डोळ्यांना हे कळायला अकरा वर्षं लागली. ती ते सहा महिन्यांत काढून घेणार. मग ते तिच्या प्रोग्रॅममध्ये जाणार, प्रोग्रॅम तिच्या प्रबंधात जाणार, आणि प्रबंधावर डॉक्टर म्हणून तिचं नाव लागणार. माझं काय राहणार? मी वेळेवर जेवायला घातलं, हे.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी तेरावी फ्लॉपी घातली. पहिल्या वीस-पंचवीस पेशी बरोबर ओळखल्या. मग एक मेलेली आली. फोड आलेली, कुणालाही कळावी अशी. मी दोन दाबलं. पडद्यावर "विभागणारी" उमटलं आणि पुढची पेशी आली. काही झालं नाही. घरात सासऱ्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता. त्या फ्लॉपीतल्या जवळजवळ सगळ्या मेलेल्या पेशी मी जिवंत करून टाकल्या. मग चौदाव्या आणि पंधराव्या फ्लॉपीतही तेच. माझं डोकं अगदी थंड होतं. त्या तीन दिवसांत मी भांडी शांतपणे विसळली. त्यानंतर नव्या फ्लॉप्या आल्या नाहीत, ती त्या पंधरांवरच प्रोग्रॅमला शिकवत बसली.

दोनेक आठवड्यांत तिचा चेहरा उतरला. प्रोग्रॅम सुधारायच्या ऐवजी बिघडत चालला होता. जी पेशी तो आधी ओळखायचा ती आता चुकत होता. दोन महिन्यांनी संस्थेत तिला सगळ्यांपुढे काम मांडायचं होतं. ती ताटावरून अर्धपोटी उठू लागली. मला वाटलं होतं, आता घरातला तिचा तोरा जरा उतरेल. झालं भलतंच. सासूबाई तिच्यासाठी साजूक तुपातला शिरा करू लागल्या. सासरे टीव्हीचा आवाज बारीक ठेवू लागले. माझे यजमान, जे माझ्या आजारपणातसुद्धा पेपरात डोकं घालून बसायचे, ते मला म्हणाले, "तिला जरा सांभाळून घे गं, फार टेन्शनमध्ये आहे." तिच्या अपयशाचाही घरात असा थाट होता. मला तोसुद्धा बघवेना.

एका शनिवारी ती हातात छापलेला कागद घेऊन स्वयंपाकघरात आली. मी कणीक मळत होते.

"वहिनी, तुमचे डोळे दुखतात का हल्ली?"

"का?"

"मी प्रत्येक फ्लॉपीत आधीच्या काही पेशी पुन्हा घालते. आडव्या करून, उलट्या करून. तुम्हाला ओळखू येऊ नयेत म्हणून. बघणाऱ्याची नजर किती पक्की आहे ते त्यावरून कळतं. पहिल्या बाराही फ्लॉप्यांत तुम्ही कधी हललाच नाहीत. सर म्हणाले, असा माणूस त्यांनी पाहिलेला नाही." तिनं कागद माझ्यापुढे धरला. "शेवटच्या तीनमध्ये त्याच पेशींना तुम्ही वेगळं म्हटलंय."

सर म्हणाले, असा माणूस पाहिलेला नाही. हे तिनं मला आत्ता सांगितलं. मी कणकेत बोटं खुपसून उभी राहिले.

"दुखतात," मी म्हटलं. "चाळिशी आली असेल."

"मग आपण दाखवू या. माझ्या आईच्या ओळखीचे डॉक्टर आहेत ठाण्याला."

पुढच्या सोमवारी तिनं खरंच रजा काढली. ठाण्याच्या त्या डॉक्टरांनी आधी अक्षरं वाचायला लावली, मग डोळ्यांत थेंब घातले, दिवा मारला. शेवटची सगळ्यांत बारीक ओळसुद्धा मी घडाघडा वाचली, कारण न वाचायला मला लाज वाटली. डॉक्टर जावेला म्हणाले, "यांचे डोळे तुमच्यापेक्षा चांगले आहेत."

आम्ही खोपटच्या एस.टी. डेपोपर्यंत चालत आलो. तिला घोडबंदरच्या बाजूला राहणाऱ्या मावशीकडे काही द्यायचं होतं, म्हणून बसची वाट बघत बाकावर बसलो. थेंबांमुळे मला सगळं पांढरं आणि पसरट दिसत होतं. तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, म्हणूनच बहुधा तोंडातून शब्द निघाले.

"मी मुद्दाम केलं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"शुक्रवारपासून. डोळे दुखले की माणूस दोन्हीकडे चुकतो. मेलेलीला जिवंत म्हणतो, जिवंतला मेलेली म्हणतो. तुम्ही एकाच बाजूला चुकलात. एकही जिवंत पेशी तुम्ही मारली नाहीत."

"मग डॉक्टरांकडे कशाला आणलंस?"

"वाटलं, कदाचित मीच चुकत असेन. दुसरं काही कारण निघालं तर बरं, असं वाटत होतं." आणि ती रडायला लागली. सगळ्यांदेखत, डेपोत, नाक ओढत. "माझे सहा आठवडे गेले, वहिनी. मला वाटलं मीच मठ्ठ आहे. मी सोडून द्यायचं ठरवत होते. असं का केलंत? मी तुमचं काय केलं होतं?"

मी त्या दिवशी गाईडपुढे ती काय बोलली ते सांगितलं. लेखातला "अनुभवी निरीक्षक" सांगितला. शिरा आणि कोळंबीचं मात्र सांगायचं धाडस झालं नाही.

"ते माझं चुकलं," ती म्हणाली. "पण तुम्ही मला सांगायचं होतंत. भांडायचं होतंत. हे असं नाही करायचं कुणाच्या कामाशी."

"नाही करायचं," मी म्हटलं.

बस लागली. ती एकटीच चढली. मला म्हणाली, "तुम्ही रिक्षानं स्टेशनला जा, डोळ्यांत थेंब आहेत." ती मला सोडून एकटी गेली याचं मला वाईट वाटलं आणि रिक्षाचं सांगितलं याचा रागही आला. अशा वेळीसुद्धा चांगलं वागणं तिलाच सुचावं!

आठ-दहा दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. घरात कुणालाही तिनं एक अक्षर सांगितलं नाही. दिरांनाही नाही, हे मला त्यांच्या वागण्यावरून कळत होतं. मग एका दुपारी टेबलावर तीन फ्लॉप्या ठेवलेल्या दिसल्या. तेरा, चौदा, पंधरा, वर तिच्या अक्षरात "पुन्हा". मी बसले आणि त्या नीट केल्या. पुढच्याही सगळ्या केल्या. तिचा प्रोग्रॅम सुधारला, सगळ्यांपुढचं बोलणंही व्यवस्थित पार पडलं.

लेखावर माझं नाव घालावं म्हणून ती गाईडशी बोलली. त्यांनी मान्य केलं नाही. खाली आभारांत एक ओळ आली, तांत्रिक साहाय्याबद्दल, माझं पूर्ण नाव आणि पुढे डोंबिवली. ते पान मी लॅबच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "अरे वा, हे तुम्ही आम्हाला कधी बोलला नाहीत."

दोन वर्षांनी तिचा प्रबंध बांधून आला. काळं पुठ्ठ्याचं कव्हर, सोनेरी अक्षरं. तिनं पहिल्यांदा माझ्याच हातात दिला. मी उभ्या उभ्या चाळला. पाचव्या प्रकरणाशी थांबले. शिकवणारा माणूस चुकीचं सांगत असेल, आणि तेही ठरवून एकाच बाजूला, तर प्रोग्रॅमला ते ओळखता येईल का, असा त्या प्रकरणाचा विषय होता. त्यातल्या आकृत्या माझ्या तीन फ्लॉप्यांच्या होत्या. तिनं त्या फेकल्या नव्हत्या. खोट्या आणि खऱ्या शेजारी शेजारी ठेवून तिनं त्यावरून एक नवी रीत बसवली होती. शिकवणारा कोण, ते लिहिलेलं नव्हतं.

"चालेल ना?" तिनं विचारलं. "नाहीतर काढते अजूनही."

"राहू दे," मी म्हटलं.

तोंडी परीक्षेला परीक्षकांनी सगळ्यांत जास्त प्रश्न त्याच प्रकरणावर विचारले. सगळ्या प्रबंधात हेच नवं आहे असं एकजण म्हणाला. तिनं घरी येऊन ते सांगितलं तेव्हा सासूबाईंनी तिची दृष्ट काढली. मी पेढ्यांचा पुडा सोडत होते. माझ्या मनात आलं, मी सहा महिने खरं सांगितलं त्याची एक ओळ झाली, आणि तीन दिवस खोटं सांगितलं त्याचं अख्खं प्रकरण झालं, आणि दोन्ही हिची. लबाडी तरी माझी माझ्याकडे राहू द्यायची होती. मग मी पेढा तिच्या तोंडात घातला. तिनं अर्धा तोडून मला भरवला.

वर्षभरात तिला मोठी नोकरी लागली आणि त्या दोघांनी घोडबंदर रोडला नव्या इमारतीत घर घेतलं. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. सातवा मजला, लिफ्ट, खिडकीतून थेट डोंगर. तिच्यासाठी एक वेगळी खोली, त्यात फक्त पुस्तकं आणि कॉम्प्युटर. सासूबाई प्रत्येक कपाट उघडून बघत होत्या. तिची आई नव्या ओट्यापाशी बसून मला म्हणाली, "बग गो पोरी, माझ्या लेकीनं काय केलंय." मी म्हटलं, खरंच. आणि हात धुवायला मोरीत गेले.

नळ सोडला. करंगळीएवढी धार आली, खोकली आणि थांबली.

"पाणी एकच वेळ येतं हो वहिनी," बाहेरून जाऊ म्हणाली. "तेही टँकरचं. बादलीतलं घ्या."

मी बादलीतून हात धुतले. इतकं बरं वाटलं मला. परतीच्या वाटेवर कासारवडवलीपासून ठाण्यापर्यंत मी यजमानांना दोनदा सांगितलं, घर छान आहे पण पाण्याचे फार हाल आहेत बिचारीचे.